हुकमावरून

येरवडा, पुणे
१२ नोव्हेंबर २०१७

प्रिय माला,

तुझ्या सौरभच्या लग्नाची पत्रिका मिळाली. फोन करून कळवता आलं असतं, पण फोनवर तू मला एक वाक्य धड पुरं करू देत नाहीस आणि आज मला पुष्कळ बोलायचंय, म्हणून सरळ कागद घेतला. पत्रिकेच्या कोपऱ्यात तू पेनाने लिहिलंस, की ताई, मुक्ताचं बघून काय ते ठरवा, एकजण आलात तरी आम्हांला आनंद आहे. वाचून बरंही वाटलं आणि थोडं वाईटही. तुझा यात काही दोष नाही गं. नातीला ऑटिझम आहे हे कळल्यापासून आमच्याकडे लग्नकार्याची रीतच पडून गेली आहे. एकाने जायचं आणि बाकीच्यांनी तिच्याजवळ थांबायचं. जयाच्या घरभरणीला मी आले तर तुझे भाऊजी थांबले. पूर्णिमाच्या भावाच्या लग्नात आमची सून एकटीच मिरवली आणि शंभू इथे लेकीबरोबर वरणभात खात बसला. माळ्यावरची काळी बॅग खाली आली की आता कोणीतरी जाणार, हे मुक्ताला बरोबर कळतं. मग ती बॅगेवर बसते आणि उठता उठत नाही. तेव्हा या लग्नाला कोण येणार ते सांगते, पण आधी इकडची हकिकत ऐक.

जूनमध्ये पूर्णिमाने एका विद्यापीठाच्या ऑनलाइन वर्गात नाव घातलं. अशा मुलांना शिकवणारे शिक्षक, थेरपिस्ट आणि आईवडील, सगळ्यांना एकत्र बसवून शिकवतात. आपापल्या घरी संगणकापुढे बसायचं, मॅडम पडद्यावर दिसतात आणि आपण त्यांना. वर्ग संध्याकाळी सहाचा आणि आमची पूर्णिमा सहाला कुठे, तर ऑफिसातून येताना हिंजवडीच्या सिग्नलला अडकलेली. पहिल्याच दिवशी तिचा फोन आला, की बाबांना म्हणावं नुसतं बसा आणि काय सांगतात ते लिहून ठेवा. हे बसले. इस्त्रीचा शर्ट घालून बसले. पडद्यावर यांचा मिशांचा चेहरा आणि खाली नाव पूर्णिमा! नम्रता मॅडमनी हजेरी घेताना पूर्णिमा म्हटलं आणि हे ताडकन उभे राहून हजर म्हणाले, त्याबरोबर चेहरा पडद्याबाहेर गेला आणि वर्गाला यांच्या पोटाचं दर्शन घडलं. मी स्वयंपाकघरात पदर तोंडात कोंबून हसत होते. पुढे मॅडमनी यांचं वेगळं नाव घातलं. सांभाळणारा आजोबा हाही पालकच, असं त्या म्हणाल्या. ते वाक्य हे आठवडाभर मला ऐकवत होते.

आता तुझ्या भाऊजींचा स्वभाव तुला ठाऊकच आहे. उभी नोकरी खडकीला दारूगोळ्याच्या कारखान्यात गेली. तिथे भिंतीभिंतीवर सूचना, आगपेटी आत नेऊ नये, धावू नये, हे करू नये, ते करू नये. शेवटी शेवटी त्या रंगवून घ्यायचं काम यांच्याकडेच होतं. निवृत्त झाल्यावर ती हौस आमच्या दारावर उतरली. आमच्या बेलखालची पाटी तू पाहिली आहेस: 'सकाळी सातपूर्वी बेल वाजवू नये. सातनंतरही कामाशिवाय वाजवू नये. हुकमावरून.' कोणाचा हुकूम, असं मी एकदा विचारलं होतं, तर म्हणाले, अहो, हुकूम कोणाचा ते लिहिलं तर लोक जाऊन त्याच्याशी भांडतात.

वर्गात कळलं, की मुक्तासारख्या पुष्कळ मुलांना ऐकलेलं निसटतं, पण डोळ्यांनी पाहिलेलं पक्कं बसतं. म्हणून गोष्टी चित्रातून, अक्षरातून समोर ठेवाव्यात. आपली मुक्ता तर बोलायच्या आधी वाचायला लागलेली, रिक्षात बसली की दुकानांची नावं घडाघडा म्हणते. झालं! यांना रान मोकळं मिळालं. दुसऱ्या दिवशी घरभर पाट्या. न्हाणीघरात 'पाण्याशी खेळू नये', खिडकीत 'ओरडू नये', जिन्याशी 'पळू नये', आणि प्रत्येकीखाली हुकमावरून. मुक्ता भलतीच खूश झाली. न्हाणीघरातली पाटी तिने मोठ्याने वाचली, हुकमावरून सकट, आणि बादली पालथी केली. खिडकीतली वाचून ओरडली, जिन्यातली वाचून पळाली. यांना वाटलं पोरगी मुद्दाम खोड्या काढते आहे. वर्गात तावातावाने तक्रार केली, पाट्या कॅमेऱ्यापुढे धरून दाखवल्या. मॅडम हसल्या नाहीत गं. त्यांनी शांतपणे विचारलं, की श्रीधरकाका, पळू नये हे समजलं, मग तिने करायचं काय? ते कुठे लिहिलंय?

यांनी पाट्या खाली ठेवल्या. तुझ्या भाऊजींनी वाद न घालता पाट्या खाली ठेवल्या, माला! मी लग्न होऊन आल्यापासून हे पहिल्यांदा पाहिलं. दोन दिवस घरात पेन घेऊन फिरत होते. काय करू नये हे त्यांना झोपेतसुद्धा सांगता येतं, पण काय करावं हे लिहायला बसले की हात अडे. नये लिहायचे आणि खोडायचे. शेवटी न्हाणीघरासाठी नवी पाटी झाली: 'नळ बंद करावा. टॉवेल घ्यावा. बाहेर यावे.' शेजारी चित्रं काढली. टॉवेल अगदी पापडासारखा दिसत होता. मुक्ताने पाटी वाचली, नळ बंद केला, टॉवेल घेतला आणि ओली गच्च बाहेर येऊन आजोबांपुढे उभी राहिली. रोज त्या नळावरून रडारड व्हायची, त्या दिवशी चकार शब्द नाही. हे तिचे केस पुसत मला म्हणाले, चहा टाका. मी चहा टाकला आणि ओट्याशी उभी राहून थोडी रडले. आनंदानेच रडले.

तेव्हापासून आमच्या घरात नये बंद झालं. आता पाट्यांनी मलाही सोडलेलं नाही. मिक्सरवर लिहिलंय, 'लावण्यापूर्वी मुक्ताला सांगावे', आणि ते बरोबरच आहे, कारण तो आवाज तिला सहन होत नाही हे वर्गातल्या गृहपाठामुळेच आमच्या ध्यानात आलं. रडणं सुरू व्हायच्या आधी काय घडलं ते बघायचं असतं, असा तो गृहपाठ. मी मात्र इतकी वर्षं समजत होते की पोरीला माझी चटणी आवडत नाही.

गणपतीनंतर शनिवार पेठेत विमलाबाईंकडे सत्यनारायण होता. विमलाबाई म्हणजे यांच्या आतेबहीण, तोंडाने फटकळ. मुक्ताला घेऊन गेलो. यांनी खिशात पाटी नेली होती: 'शंख वाजेल. कान झाकावेत. मग शिरा मिळेल.' पोरीने शंखाच्या आधीच कान झाकले आणि शंख संपायच्या आत एक हात सोडून शिऱ्यासाठी पुढे केला. विमलाबाई म्हणाल्या, आमच्या घरातल्या मोठ्या माणसांना पण अशी पाटी करून दे, श्रीधर, आरतीला गप्पा मारतात. विमलाबाईंकडून याहून मोठं कौतुक मिळत नाही. पूर्णिमा आणि शंभू शेजारी शेजारी पाटावर बसून जेवले. बाहेरच्या पंगतीत दोघांना एकत्र जेवताना मी कितीतरी वर्षांनी पाहिलं, आणि उठून दोघांच्या पानात आग्रहाने शिरा वाढला.

तरीसुद्धा तुमची अमरावती म्हणजे शनिवार पेठ नाही. आगगाडीतला प्रवास, कार्यालयातली गर्दी, बँड, डोक्यावर पडणाऱ्या अक्षता, हे सगळं तिला झेपायचं नाही, म्हणून मी एकटीनेच यायचं ठरलं होतं. तुला तसं कळवायलाच मी गेल्या रविवारी कागद घेतला होता. सकाळी यांनी काळी बॅग उन्हात ठेवायला म्हणून खाली काढली आणि आम्ही दोघं चहाला आत गेलो. बाहेर येऊन पाहतो तर मुक्ता नेहमीसारखी बॅगेवर बसलेली नव्हती, शेजारी उभी होती, हातात आजोबांचा मार्कर घेऊन. बॅगेवर कागद चिकटवला होता. वाकड्या अक्षरांत लिहिलं होतं, 'मुक्ताला सोडून जाऊ नये. हुकमावरून.' माला, या मुलीने आजवर मला पाणी हवं, दार उघड, याखेरीज स्वतःहून काही सांगितलेलं नव्हतं गं. मंगळवारी यांनी तो कागद वर्गात दाखवला आणि विचारलं, की मॅडम, यात नये आलंय, 'बरोबर न्यावे' असं करून घेऊ का? मॅडमनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, काका, ही पाटी असू द्या. तर आम्ही सगळे येतोय, मी, हे, शंभू, पूर्णिमा आणि मुक्ता. तिकिटं काढून झाली. तुला इतकंच मागते, की आम्हांला दाराजवळच्या खुर्च्या ठेव, बँड मांडवाबाहेर असू दे आणि आत एक शांत खोली मोकळी ठेव. तुझ्या रावसाहेबांना माझा नमस्कार सांग आणि सोबतच्या दोन पाट्या त्यांच्याकडे दे, कार्यालयात लावायला. एकीवर आहे, 'अक्षता पुढे येऊन हळूच वाहाव्यात', आणि दुसरी आपल्या नातेवाइकांसाठी, 'मुक्ता भेटल्यास हसावे. ती बोलेपर्यंत थांबावे.' दोन्हींखाली हुकमावरून आहेच. कोणी विचारलं कोणाचा हुकूम, तर आमच्याकडे बोट दाखवू नकोस. ज्या बाईंचा आहे त्या स्वतः येताहेत.

तुझीच,
मंदाताई