ताईचं नवं वय

दिवस ३९८, जुनी गणना

चि. बारक्या यास,
अ. उ. आ.

तुमच्या कालगणना कचेरीचं परिपत्रक आमच्या पंपघराच्या दारावर चिकटवलंय. सगळ्या ग्रहांना एकच कॅलेंडर, वर्ष साडेतीनशे दिवसांचं. आमचं वर्ष चारशे बारा दिवसांचं, म्हणून कालपर्यंत मी बावन्नची होते. आज एकसष्टची झाले! अरे, इतक्या भराभर तर केसही पिकत नाहीत.

हसण्यावारी नेतेय, पण खरं सांगू, जीव रडकुंडीला आलाय. साठीच्या वरच्यांना परतीच्या यानात जागा नाही. चौदा वर्षं टाक्या आणि गाळण्या धुतल्या तेव्हा कुठे माझा नंबर लागला, आणि आता आईला न भेटताच म्हातारी ठरले. डॉक्टर म्हणतात तब्येत ठणठणीत आहे, पण नियम फक्त कागद बघतो. तू त्याच कचेरीत बसतोस ना? काहीतरी कर.

आईला सा. न. माया मात्र जुन्याच मापाने मोज.

तुझी,
ताई


दिवस ४१, नवी गणना

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

परिपत्रकाचा मसुदा माझाच, तेव्हा शिव्याही मलाच दे. भागाकार करत बसलो, त्यात माझी बहीण आहे हे डोक्यातच आलं नाही. फार वाईट वाटतंय.

एक वाट आहे. आपल्या जन्मनोंदी वसाहतीच्या आगीत गेल्या. माझं वय नोकरीत पक्कं झालंय, नव्या मापाने अठ्ठावन्न. तुझं नाही. नोंद नसेल तर आईचा जबाब चालतो. मी फॉर्म घेऊन आईपुढे बसलो, तर तिने शांतपणे सांगितलं की तू माझ्याहून तीन वर्षांनी धाकटी. मला वाटलं, आठवण दगा देतेय. ताई थोरली, असं हळूच सुचवलं. त्यावर म्हणाली, पोटात मी वाढवलंय, सरकारने नाही, लिही मुकाट्याने.

तीस वर्षांत मी एक आकडा खोटा लिहिला नाही. हा लिहिला.

आता तुझी सही हवी. पंधरा दिवसांची मुदत आहे. पण नीट विचार कर, थोरलेपण कागदावरून कायमचं जाईल. उत्तर येईपर्यंत घोर लागून राहील, तेवढी दया कर.

तुझा,
बारक्या


दिवस ५३, नवी गणना

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

एवढा मायना लिहायला तीन कागद फाडले. तुला कडेवर घेऊन फिरले, ते आता कोणत्या तोंडाने सांगू? सही करून कागद सोबत पाठवलाय.

बाबा गेले तेव्हा मी रडले नाही. तुला शिकायला धाडलं, आईला तुझ्यामागे पाठवलं, दोन्ही वेळा यानतळावर हसून हात हलवला आणि परत येऊन कामाला लागले. थोरलीने रडायचं नसतं, असं कोणी सांगितलं नव्हतं. माझं मीच धरून चालले होते. परवा सही केली, टाकीच्या शिडीवर बसले आणि भोकाड पसरलं. पंपवाले घाबरून गोळा झाले. बरं वाटलं रे, फार बरं वाटलं.

यान नव्वदाव्या दिवशी पोचतं. न्यायला वेळेवर ये, आणि सामान तू उचलायचंस. लाड कमी पडले तर आईकडे चहाडी करीन, हे आत्ताच कळवून ठेवते.

आईला सांग, धाकटी येतेय.