कोंबडीच्या मांडीचं माप

गुरुजी, आज पेपरात चीनमधल्या एका दगडाचा फोटो आलाय आणि सकाळपासून मला तुमच्याशिवाय दुसरं काही सुचत नाही. कोंबडीएवढं जनावर, तोंडात दात, शेपटीत हाडं आणि अंगभर पिसांची झालर. खाली लिहिलंय की हा पक्षी नव्हे, मांस खाणारा, दोन पायांवर पळणारा डायनोसॉर. पाखरं असल्याच पळणाऱ्या जनावरांपासून झाली, तुम्ही हेच सांगायचात, वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं तेव्हा, चौथीपर्यंतच्या शाळेत, सारवलेल्या जमिनीवर आमच्यात उकिडवे बसून. आम्ही पोरं फिदीफिदी हसायचो. आता हे तुम्हाला सांगायला मी कुठे जाऊ?

नागपूरहून मागवलेल्या पुस्तकातलं चित्र तुम्ही मोठ्या कागदावर उतरवलं होतं. दगडात सापडलेला जुना पक्षी, त्याच्या पंखांना नख्या. शेजारी सरडा आणि कोंबडी, आणि खाली तिघांच्या हातापायांची मापं. "आधी पाय पळायले शिकले, मंग हात लांबले, मंग त्याचे पंख झाले," तुम्ही म्हणायचात. "हाडं खोटं बोलत नाही, पोरी." सरडा तुम्ही कुठूनसा मेलेला मिळवलात. कोंबडीला मात्र हात कोण लावणार? तुमच्या गळ्यात तुळशीची माळ. आमच्या घरी कोंबडी शिजायची, म्हणून काम माझ्याकडे आलं. ही पोरगी मोजण्यात पक्की आहे, असंही तुम्ही सगळ्यांसमोर सांगितलंत, आणि आठवडाभर माझे पाय जमिनीवर ठरेनात. डिप्टीसाहेब तपासणीला यायचे होते. तक्ता त्यांना पटला तर बुलढाण्याच्या हायस्कुलात विज्ञान शिकवायला बोलावतील, ही तुमची आशा अख्ख्या शाळेला ठाऊक होती.

रोहिणखेडहून पाव्हणे आले त्या दिवशी मायनं कोंबडी केली. सगळे जेवून उठले आणि मी चुलीपाशी फूटपट्टी घेऊन बसले. नडगीचं हाड भरलं साडेचार इंच. मांडीचं हाड हाताशी राहिलं नव्हतं. मग मी स्वतःचा पाय मोजला. माझी मांडी नडगीहून लांब, म्हणजे कोंबडीचीही असणार, असा हिशेब करून पाच इंच लिहून टाकलं.

"काऊन वं, सोताचीच तंगडी मोजून राह्यली?" माय म्हणाली.

"गुरुजीनं सांगतलं," मी म्हटलं. तेही खोटंच.

तपासणीचा दिवस. डिप्टीसाहेब तक्त्यासमोर उभे आहेत. छडीचं टोक बरोबर माझ्या आकड्यावर. "मांडी नडगीपेक्षा लांब? कुठल्या पाखराची असते हो? मास्तर, कोंबडी कधी ताटात तरी पाहिली आहे का?" बरोबरचा कारकून हसतो, मग पोरंही हसतात. तुम्ही माझ्याकडे पाहता. मी पट्टीवरच्या रेघा मोजतेय. "माप माझ्याच हातून चुकलं, साहेब," तुम्ही म्हणता आणि तक्ता गुंडाळायला घेता, पण तो नीट गुंडाळला जात नाही.

शाळा सुटल्यावर तुम्ही मला थांबवलंत. मी सांगितलं, मांडीचं हाड कुत्र्यानं नेलं. "मंग हाड नाही, असं लिहाव ना. नाही त्याले नाही लिहिनं, हेच तर शास्त्र हाय." तुमचं रागावणं एवढंच. बुलढाण्याचं बोलावणं आलं नाही. पुढच्या वर्षी तुम्ही आणखी एक तक्ता केलात, तो कुणी उघडूनही पाहिला नाही. बूंद से गई वो हौद से नहीं आती, म्हणतात ते खरंच. त्याच शाळेत शिकवता शिकवता तुम्ही गेलात, आणि मी दर वेळी उद्या सांगू म्हणत राहिले.

मी पुढे शिकले, शिक्षिका झाले, पोरींना मापं घ्यायला शिकवली, आता पंचाहत्तरीला आले. आज पेपरातल्या फोटोवर पट्टी ठेवली. मांडी आखूड, नडगी लांब, अगदी कोंबडीसारखी. तुमचं सगळं बरोबर होतं, गुरुजी. चुकला होता तो माझा एक आकडा, आणि तो खोडायला आता ना तुम्ही आहात ना तो तक्ता. फार असहाय वाटतं.

हा कागद त्याच पेपरच्या घडीत ठेवून देते. पत्ता कुणाचा घालणार? पण नाही त्याला नाही लिहायचं, म्हणून एक लिहिते. आमच्या घरी कुत्रं नव्हतंच. कितीतरी महिन्यांनी घरात मांस शिजलं होतं, आणि ते हाड मीच दातांनी फोडून चोखलं होतं.