नाव न घेता बघितलेले चार पिक्चर

१२ फेब्रुवारी, बुधवार

पहिला पिक्चर बघितला. म्हातारा सहा महिने अंथरुणाला खिळलेला आणि चादरीला एक सुरकुती नाही!

नाव 'पांढरी खिडकी'. म्हातारा खिडकीतनं बाहेर बघतो, मागं व्हायोलिन वाजतंय. दीड तास. सून येते, कपाळावर हात ठेवते, जाते. अगं बये, कूस कोण बदलायची? व्हायोलिन? पाठीला फोड नाही, खोलीला वास नाही, खाटेखाली भांडं नाही. ज्यानं हा काढला त्यानं म्हातारा लांबनं बघितलाय. बहुतेक फोटोत.

प्रियदर्शनीला हे असंच कळवलं. शिवतेजची पोरगी, माझी थोरली नात. सांगलीला असते. तिथं त्यांचं पोरापोरींचं मंडळ आहे. मोठ्या कंपन्यांच्या आधाराबिगर काढलेले पिक्चर दाखवतात. यंदा पाडव्यानंतर दाखवणार, आणि विषय म्हणे म्हातारपण आणि सेवा. चार पिक्चर टॅबवर भरून दिलेत. म्हणाली, "आजी, आमाला काय कळतंय त्यातलं? तू बघ आन् खरं-खोटं सांग." तिला चार ओळी कळवायच्या. बाकीचं हितं वहीत.

चौथी शिकलेल्या बाईला परीक्षक केलंय. करू दे. दोन महिने झाले ह्यांच्या अंगावरनं वारं जाऊन. उजवा हात-पाय गेला, बोलणं गेलं. दुपारी ह्यांचा डोळा लागतो, तेवढा तास माझा. इतके दिवस त्या तासात भिंत बघत होते. आता पिक्चर.

१३ फेब्रुवारी

चादरी तीनदा धुतल्या. ऊन कडक, तासाभरात वाळल्या. उन्हाचे उपकार.

१७ फेब्रुवारी, सोमवार

सुमैरा आली होती. वारं गेलेल्यांना बोलायला शिकवते, कराडहून येते. वय पंचविशीचं, धीर म्हातारीचा. ह्यांच्यासमोर बसून "आजोबा, इकडं बघा" – दहा वेळा, वीस वेळा. हे आपले छताकडं.

मला म्हणाली, "आजी, तुम्ही यांना काय म्हणून हाक मारता?"

"आवं."

"आणि?"

"आन् काय? आवं. यष्टीच्या कंडक्टरला बी आवंच म्हणते."

हसली. मग म्हणाली, आपल्याला कुणी बोलवतंय एवढं तरी ह्यांना कळायला पाहिजे. तिथनं पुढं वाट आहे.

संध्याकाळी शिवतेजचा फोन, पुण्याहून. "आई, पाडव्यापर्यंत बघू. तोवर दादा बोलले न्हाईत तर सांगलीच्या आजाऱ्यांच्या सेंटरला ठेवू. दुखलं-खुपलं त्येंना सांगता येईना, तुला उचलता येईना. तुझं वय किती?"

बाहत्तर. पोरगं खोटं बोलत नाही. म्हणूनच राग येतो.

२० फेब्रुवारी, गुरुवार

'ओला टॉवेल'. हा पिक्चर!

सून सासऱ्याचं अंग पुसते. बस्स, सव्वा तासात दुसरं काय घडत नाही. पण पाणी आधी स्वतःच्या मनगटावर बघते. एक हात पुसला की झाकते, मग दुसरा. काखेत, बोटांच्या बेचक्यात. सासरा लाजून भिंतीकडं तोंड करतो, तवा ही बाहेरच्या कोंबडीवर बोलत राहते – कोंबडी किती मस्तीला आलीय, काल कुणाच्या परड्यात गेली. त्याला लाज वाटू नये म्हणून! ज्यानं हे काढलं त्यानं कुणाचं तरी अंग पुसलंय. पैजेवर सांगते.

चूक एकच. ओल्या पाठीवर पावडर. चिकचिक होते, कातडी सोलते. कळवलं.

आणि एक शिकले. पाणी पाजताना ती सासऱ्याची हनुवटी खाली घेते. मी शहाणी आजवर ह्यांचं डोकं मागं करून चहा ओतत होते – आणि रोज ठसका, रोज डोळे पांढरे. आज हनुवटी खाली. घोट-घोट. अर्धा कप गेला, ठसका नाही! सुमैराला फोन केला. म्हणाली, "हेच बरोबर. मी सांगितलं होतं की, आजी." सांगितलं असेल. पिक्चरनं दाखवलं.

काढणारा बाप्या असो नाहीतर बाई, देव त्याला उदंड आयुष्य देवो. आणि म्हातारपणी अशी सून.

२२ फेब्रुवारी

चांदभाई आले. चांदसाहेब शिंपी, ह्यांचे पलटणीतनं आल्यापासनंचे मैतर. रोज येऊन अर्धा तास ह्यांच्याशी बोलतात, उत्तर नाही आलं तरी. आज जाड कापडाची चादर शिवून आणली, चार कोपऱ्यांना मुठी.

"वैनी, ही चादर न्हवं, पालखी हाय पालखी."

"आन् भोई कोण?"

"एक तुमी, एक मी. कवातरी एका कामात जमू द्या आपलं."

दोघांनी मुठी धरून ह्यांना उशीवर सरकवलं. माझी कंबर शाबूत!

"मशीनवर हात अजून सरळ चालतोय तुमचा," मी म्हणाले. "जीभ तेवढी वाकडी."

आमच्यात धन्यवाद असाच म्हणतात.

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र

उपास. तिसरा पिक्चर – 'मंगळवारची आई'. आई सगळं विसरलीय. पोरगी दर मंगळवारी येते. "आई, आई" करून थकते. मग एकदम ओरडते – "सुलभा!" जन्मदात्या आईला नावानं हाक! मी टॅब पालथा घातला. वरीचा भात खाल्ला.

कळवणार – उद्धट पिक्चर.

२७ फेब्रुवारी

नाही कळवलं. काल अर्धाच सोडला होता. आज पुढं बघितला. नावानं हाक मारल्यावर म्हातारी वळली.

मागं नेऊन तीनदा बघितलं. वळते.

आई म्हणून किती हाका मारल्या, पण आपण कुणाची आई आहोत हेच ती विसरलेली. नाव मात्र आई व्हायच्या आधीचं. पातेलं रिकामं झालं तरी बुडाला खरवड राहते, तसं राहिलेलं.

मग बसून विचार केला, ह्यांना नावानं कोण हाक मारतं? पोरं दादा म्हणतात. नातवंडं आजोबा. गाव हवालदार – पलटण सोडून पस्तीस वर्षं झाली तरी हवालदार. चांदभाई बी तेच. नावानं हाक मारणाऱ्या सासूबाई आणि थोरले भाऊजी आप्पासो. दोघं कवाच गेले. म्हणजे वीस वर्षं ह्यांचं नाव नुसतं मतदार यादीत!

आणि माझं तरी? मनुबाई हे सासरचं. लग्नात ह्यांनी ताटातल्या तांदळात अंगठीनं लिहिलं तवापासनं. माहेरचं नाव निराळं. कवठे महांकाळच्या शाळेत मास्तर हजेरीला घ्यायचे. भाऊ गेला तसं ते नाव घेणारं कुणी उरलं नाही. पोरांना ठाऊक बी नाही.

असू दे. ते तांदूळ कवाच शिजले, खाल्ले.

५ मार्च, बुधवार

सुमैराला सुलभाचं सांगितलं. उडालीच! "आजी, आजोबांना नावानं हाक मारा. तुम्हीच मारा. माझा आवाज त्यांच्या ओळखीचा नाही."

मी? ह्यांचं नाव? चोपन्न वर्षांत घेतलेलं नाही. आत्ता वही मागं चाळून बघितली – हितं बी कुठं नाही.

ती गेल्यावर स्वैपाकघरात कुकरपुढं म्हणून बघितलं. 'ला' पर्यंत आलं. पुढं कुकरनंच शिट्टी मारली.

७ मार्च

'दुसरी चप्पल'. बाराच मिनिटांचा. बायको अंथरुणावरच्या नवऱ्यावर ओरडते, चप्पल फेकून मारते. लागत नाही. मग तीच चप्पल काढायला खाटेखाली वाकते आणि तिथंच बसून राहते. संपला.

असलं कुणी दाखवत नाही. पिक्चरातली सेवा करणारी बाई म्हणजे देव्हाऱ्यातली समई. मी मंगळवारी ह्यांना काय म्हणाले? "सुटा एकदाचे! मला बी सोडवा!" तिसऱ्यांदा चादर भिजली होती. ह्यांनी भिंतीकडं तोंड केलं. म्हणजे ऐकू येतं. कळतं! शिवी कळते, आवं कळत नाही.

हे कुणाला सांगितलं नव्हतं. त्या बारा मिनिटांतल्या बाईला सांगितल्यासारखं झालं. हलकं वाटलं. नातीला कळवलं – हा पहिला दाखवा. आणि सगळ्या बाप्यांना पुढं बसवा.

१२ मार्च, बुधवार

चांदभाईंना सुमैरानं सांगितलं वाटतं. आल्या आल्या – "वैनी, उखाणा घ्या की! उखाण्यातलं नाव म्हंजी नाव घेतलं आसं धरत न्हाईत."

"उखाण्याचं तेवढं काढू नका."

"का बरं?"

नाही सांगितलं. हितं लिहिते. लग्नात उखाणा तोंडपाठ होता. पण बायका गोळा झाल्या, 'घे, घे' झालं आणि माझी दातखीळ बसली. ह्यांच्या नावाच्या जागी स्वतःचंच नाव घेतलं! ते बी माहेरचं, तासाभरापूर्वी बदललेलं! सगळा मांडव हसला. सासूबाई म्हणाल्या, "ही सवताशीच लगीन लावून आलीया." पंधरा दिवस बोलल्या नाहीत. हे हसले नाहीत. तांदळाच्या ताटाकडं बघत बसले होते.

त्यानंतर उखाणा घेतला नाही. हळदीकुंकवाला बी नाही. दर वेळी घसा बसायचा माझा.

१८ मार्च, मंगळवार

घेतला.

सुमैरा होती, चांदभाई होते. मी पदर डोक्यावरनं घेतला, खाटेच्या डाव्या अंगाला उभी राहिले. रात्रभर काय जुळवलं नव्हतं, तिथंच सुचलं –

चुलीवर दूध, दुधावर साय,
लालासाहेब, मी बोलवते – ऐकू येतंय का न्हाय?

म्हटलं! आणि आता लिहिलं बी! जीभ जागेवर आहे, हात जागेवर आहे.

ह्यांची नजर छतावरनं निघाली. भिंतीवरनं खाली उतरली. चांदभाईंवरनं गेली, थांबली नाही. माझ्यावर येऊन थांबली. ओठ हलले. आवाज नाही.

सुमैरानं माझा हात इतका दाबला की बांगडी पिचली. चांदभाई चष्मा पुसत – "आवं हवालदार, चोपन्न वर्षांनी वैनीनं नाव घेतलं, आन् तुमी नुसतं बघताय व्हय?"

नुसतं का असेना. तीन महिन्यांनी मला कुणीतरी बघितलं.

२३ मार्च, रविवार

आता रोज सकाळी घेते, बिनउखाण्याचं. पहिल्या दिवशी कानशिलं तापली, चौथ्या दिवशी सवय झाली. हे रोज वळतात.

नातीचा फोन. "आजी, तू सांगलीला ये. तुझी मतं स्टेजवरनं वाचून दाखव."

"दोनला ह्यांची कूस बदलायची असती. तुमच्या स्टेजवर बदलू?"

"तसं केलंस तर तोच पिक्चर दाखवतो!"

कार्टी माझ्यावर गेलीय. तिचे उपकार मोठे, तोंडावर सांगणार नाही. तिनं पिक्चर धाडले नसते तर मी आवंवरच मेले असते.

मागनं शिवतेजचा फोन. "दादा बोलले का?"

"वळले."

"वळणं म्हंजी बोलणं न्हवं, आई."

न्हवं.

२९ मार्च, शनिवार

शिवतेज आला. उद्या जेवणं झाली की सांगलीला सेंटर बघून येतो म्हणाला. आवडलं तर परवा ह्यांना न्यायचं. बॅग भरायला सांगितली. चार सदरे घातले. हनुवटी खाली घ्यायचं एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलं, वर ठेवलं. पावडर घातली नाही.

मग दोन सदरे परत काढले. उगीच.

३० मार्च, पाडवा

गुढीचा तांब्या चिंचेनं घासत होते. आतनं हाक आली – फाटकी, एका बाजूची. परत आली. शिवतेज पळत बाहेर.

"आई! दादा बोलले! पर हौसा, हौसा करत्यात. हौसा कोण?"

मी चिंचेचा हात वर केला.

"हजर."