ह्यांच्या प्रेशरसाठी मासे

सोमवार, ३ तारीख
आलं: काचेची टाकी एक, सोनेरी मासे पाच. धाकट्या भावाची भेट, म्हणजे फुकट. हमाली चाळीस. ह्यांचं ब्लडप्रेशर फार वाढलंय. डॉक्टर म्हणाले, ओरडायचं नाही, शांत बसून मासे बघायचे. सोबत भावाची चिठ्ठी: शोभेच्या वस्तू दुकानातूनच घे, दगड उकळू नकोस, धातू अजिबात नको. मॅट्रिकला दोनदा बसलेला हा मला शिकवणार! दुकानातला किल्ला साडेसहाशेला. देवाच्या कृपेने घरात वस्तूंना तोटा नाही.

मंगळवार
नदीवरून सुरेख दगड आणला. निर्जंतुक करायला कुकरमध्ये घातला. गॅस वाचावा म्हणून बटाट्यांसोबतच. पाच शिट्ट्या. काढून लगेच थंड नळाखाली धरला. तोफेसारखा फुटला. एक कपची ह्यांच्या कपाळात. तीन टाके. हे असे ओरडले की मासे कोपऱ्यात जाऊन बसले. बटाटे मात्र मऊ शिजले. टाक्यांचा खर्च ‘सजावट’खाली मांडला.

गुरुवार, सकाळी
दगडाचा नाद सोडला. देवघरातली जुनी तांब्याची घंटा लिंबू-मिठाने लखलखीत घासून टाकीत सोडली. आता माशांवर देवाची नजर. चिठ्ठीतला धातू म्हणजे लोखंड असणार. तांब्यातलं पाणी तर आपण पितो.

संध्याकाळी
दोन मासे आडवे. विश्रांती घेत असावेत. हे म्हणाले, मेलेत. मी म्हटलं, तिन्हीसांजेला अभद्र बोलू नका.

शुक्रवार
उरलेले तिघे काचेवर डोकी आपटत होते. जपाची एक माळ जास्त ओढली. दुपारी तेही गेले. ह्यांनी घंटा काढली आणि टाकीवर हाणली. काचा स्वयंपाकघरापर्यंत, पाणी खालच्या मजल्यावर. खालच्या वहिनी झाडू घेऊन वर आल्या. इथे माणसं राहतात की रेडे, असं विचारून माझ्या पाठीत घातला. झाडू मोडला, वर तो मीच भरून द्यायचा म्हणे! घंटेला ओरखडासुद्धा नाही. देवाने लाज राखली.

रविवार
ह्यांचं प्रेशर चक्क उतरलं! मासे लागू पडले म्हणायचे. बॅग भरल्यापासून तर एकदम शांत आहेत.
भावाला पत्र टाकायचं, मजकूर असा: टाकी नाजूक निघाली. मासे जरा दणकट बघून पाठवायचे होतेस. ह्यांनी विचारलंय, तुझ्याकडे एक खोली मोकळी आहे का. एकट्यासाठी. हवापालटाचा विचार असावा. किती दिवस, ते सांगत नाहीत. खोली नाही म्हणालास तरी मला राग येणार नाही. उलट टपाली कळव.