मांडीवरचा तिसरा घाव

१४ मार्च, शुक्रवार, दुपार

प्रिय दादा,

नमस्कार. तब्येत कशी आहे म्हणून विचारत नाही. वॉर्डच्या दारातून रोज बघतो. तू मान फिरवतोस, तेही बघतो. इकडे दुकानात सगळं ठीक. फ्रीजची घरघर थांबली. मटण न्यायला आलेले खानावळवाले विचारतात, ‘थोरले कुठायत?’ मी सांगतो, जिन्यावरून पडले. काल काही कारण नसताना वजनकाटा भिंतीवर आपटून फोडला. वहिनीने तुकडे गोळा केले.

त्या शनिवारी गिऱ्हाइकांची रांग दाराबाहेर गेली होती आणि तू स्टुलावर टेकलास. चार पावलं चाललं की पोटऱ्या दुखतात म्हणे! मी म्हटलं, “जाड्या पिंपा, बसून खायची चटक लागलीय तुला.” तू सगळ्यांसमोर हसलास. “आधी सुरा धरायला शीक.”

दुपारी मी शटर ओढलं आणि हाडं तोडताना सुऱ्यावर ठोकायचा लाकडी हातोडा उचलला. पोटरीवर दोनदा. “अरे बास, बास!” म्हणून तू ओरडत होतास. मला थांबायचंच नव्हतं. तिसरा मांडीवर घातला, गुडघ्याच्या वीतभर वर. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

जागा मात्र बघून मारलं. तूच शिकवलंस ना, चरबी तासू नकोस, चरबीखालचं मांस टिकतं. म्हटलं, एवढी चरबी आहे, आत काय पोचणार?

काल डॉक्टरीणबाईंनी तुझ्या दंडाला पट्टा आवळला, पाच मिनिटांनी सोडला. रक्त धावत आलं की नस रुंद व्हायला हवी. सोनोग्राफीच्या पडद्यावर तुझी जेमतेम हलली. बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, “नसेभोवतीची चरबी जिवंत असते. बेताची असली की नसेला सैल सोडते. फार वाढली की स्वतःच बिघडते आणि नसेला आवळायला लावते. पायांना रक्त पुरत नव्हतं, म्हणून चालताना दुखायचे. आता जखमेलाही पुरत नाही.”

म्हणजे तू ढोंग करत नव्हतास. दुखणारे पाय दुखतात म्हणालास, म्हणून मी ते ठेचले.

पोटरी काळी पडलीय. सोमवारी पाय कापणार. मांडी सुजलीय, म्हणजे सडणं वर चढलं असं त्यांना वाटतंय, म्हणून गुडघ्याच्या वरून. “मांडीला मार लागला होता का?” त्यांनी दोनदा विचारलं. “नाही, पडलो,” तू म्हणालास. मी दाराशी उभा होतो. मीही मान डोलावली.

मला पोलिसांपासून वाचवायला तू गुडघा देऊन टाकतोयस. तुझा इतका संताप येतोय की पुन्हा हात उगारावासा वाटतो. असला कसला रे तू!

सकाळी वहिनीला सगळं सांगितलं. तिने माझ्या दोन थोबाडीत दिल्या, मग हातोडा आणून पुढ्यात टाकला. “डॉक्टरीणबाईंना खरं सांग. हाही घेऊन जा, दाखवायला.”

तेव्हा हे पत्र आधी डॉक्टरीणबाईंना देतोय, हातोड्यासकट. मांडीची सूज माराची आहे हे कळलं, तर गुडघा राहीलही. त्यांचं वाचून झालं की तुझ्या हाती येईल. तोवर मी चौकीत असेन. आता तरी पडलो म्हणू नकोस.

तुला तीनदा मारणारा,
तुझा धाकटा