ब्लेडवरचा बाण

सोमवार, ३ मार्च
नवी फरशी बसल्यापासून मागच्या खोलीचं दार खाली घासतंय. रविवारी सासूबाई येतायत, कायमच्या. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. मेव्हणा तिसऱ्या मजल्यावर राहतो, त्यांना जिने जमत नाहीत. त्यांची एकच अट, दार नीट लागलं पाहिजे. बायको म्हणाली, दादालाच सांगू, सुतार आहे. मेल्याहून मेल्यासारखं झालं! गेल्या खेपेला शेल्फ ठोकलं आणि वर्षभर टोमणे मारले. लाकूड कापायची सॉ मशीन आणली. दार तळाशी बोटभर कापायचं, एवढंच.

मंगळवार, ४ मार्च
ब्लेड आणायला गेलो. मशीन केवढी, स्पीड किती, मधलं भोक केवढं, दुकानदाराची उलटतपासणी. म्हटलं, सगळ्यात मोठं द्या. तो म्हणे, बसणार नाही, आणि बसवायला ब्लेडवरचं गार्ड काढाल तर बोटं जातील. तोपर्यंत गार्डचा विचार माझ्या डोक्यातही नव्हता. मग आला. शेवटी बसणारंच घेतलं.

गुरुवार, ६ मार्च
ब्लेड बसवलं. कंपनीचं नाव माझ्याकडे तोंड करून, वाचता यावं म्हणून. फळीवर ट्रायल. फळी कापली कमी, जळाली जास्त. ब्लेडच खोटं. दुसरं आणलं, जास्त दातांचं. जास्त धूर. बायको म्हणाली, ब्लेडवरचा बाण एकीकडे आणि मशीनवरचा दुसरीकडे. म्हटलं, बाण शोभेला असतो. ती 'बरं' म्हणाली. तिचं हे 'बरं' मला अजिबात आवडत नाही.

रविवार, ९ मार्च, सकाळी
दार न उतरवता, जागच्या जागी कापायचं ठरवलं. बायकोने बघू नये म्हणून आतून खेचून घेतलं, दाणकन. आता उघडत नाही. बिजागऱ्या बाहेर, खिडकीला गज, फोन स्वयंपाकघरात. रोजनिशी खिशात असते म्हणून बरं. घाबरायचं कारण नाही, मशीन माझ्याजवळ आहे.

दुपारी
दारावर काळा पट्टा, खोलीभर धूर, डोळ्यांत पाणी. बायकोने बाहेरून विचारलं, दादाला सांगू का. मी म्हटलं, मी मुद्दामच आत आहे. खरं तर सासूबाईंना घेऊन तोच येणार, हे ध्यानातच नव्हतं.

संध्याकाळी
आले. वॉकरची टकटक दारापर्यंत आली. सासूबाईंनी विचारलं, माझी खोली कुठे? बायको म्हणाली, हीच, आत तुझे जावई आहेत.

सोमवार, १० मार्च
काल मेव्हण्याने बाहेरून बिजागऱ्या काढल्या, दार उचलून बाजूला ठेवलं. मी उभा, काळं तोंड, हातात मशीन. त्याने प्लग काढला, ब्लेड उलटून लावलं आणि दार लोण्यासारखं कापलं. टोमणा मारला नाही. तेच जास्त लागलं.
दार बसवल्यावर सासूबाईंनी मला आत बोलावून ते लावून घ्यायला सांगितलं. लागलं. मग हळूच म्हणाल्या, अडकलं की हाक मारायची, जावईबापू, मलाही आता तेच शिकायचंय.
मी म्हटलं, मी अडकलोच नव्हतो.
त्या 'बरं' म्हणाल्या. अगदी लेकीसारखं.