तिच्याआधी त्याला सांगितलं

मंगळवार, संध्याकाळ

चूक माझीच. रिठद गावची सुनीता, सहा महिन्यांची गरोदर, बाहेर बाकावर बसली होती. तिचा एचआयव्हीचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला होता. नवरा एकटाच आत आला, "काय निघालं?" म्हणाला, आणि मी, दवाखान्याची समुपदेशक, त्याला सांगून टाकलं! का? बाहेर रांग होती म्हणून?

त्यानं बाहेर जाऊन तिचे केस धरले, डोकं भिंतीवर आपटलं, पोटात लाथ घातली. पोटात! मी मधे पडले तर माझाही ओठ फोडला. दवाखान्याच्या शिपायांनी त्याला ओढून नेलं. ती ओरडत होती, "काहून मारून राह्यला हा मले?" तिला काहीच माहीत नव्हतं.

डॉक्टरांनी तपासलं. बाळाचे ठोके लागले. मग मी दार लावून तिला एकटीला सगळं सांगितलं. गोळ्या रोज घेतल्या तर बाळाला लागण टाळता येते, हेही. माफी मागितली.

तिचा भाऊ न्यायला आला. दारात थांबून ती म्हणाली, "बाई, दुसरीचं तरी पयले तिलेच सांगजा."